मुलांचं ईमेल खातं: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

शाळेचा ऑनलाइन वर्ग, ऑलिंपियाडची नोंदणी, नव्या फोनचं प्ले स्टोअर, चित्रकला स्पर्धेचं प्रमाणपत्र. कुठे ना कुठे मुलाचा ईमेल पत्ता मागितला जातो. फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते, मग घरात जो कुणी मोबाइलमध्ये तरबेज असेल तो पाच मिनिटांत खातं काढून देतो. वय काहीतरी टाकलेलं, पासवर्ड कशावर तरी लिहिलेला, नंबर कुणाचा दिला ते आठवत नाही. पुढची बरीच डोकेदुखी या पाच मिनिटांतूनच सुरू होते. खालच्या उत्तरांत जीमेल सगळ्यात जास्त येईल, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांत अँड्रॉइड फोन आहे आणि त्याच्यासोबत गुगलचं खातं आलंच.

कितव्या वर्षी मुलाला स्वतःचं ईमेल खातं द्यावं?

वयापेक्षा कामावरून ठरवा. दुसरी-तिसरीतल्या मुलाला स्वतःचा इनबॉक्स लागत नाही. शाळेचे मेल वाचायचे असतात ते आईबाबांनीच. अशा वेळी आईच्याच जीमेलची एक सोय वापरता येते. पत्त्यातल्या नावाला लागून अधिकचं चिन्ह आणि पुढे एखादा शब्द जोडला, उदाहरणार्थ ‘शाळा’ किंवा मुलाचं टोपणनाव रोमन अक्षरांत, तरी मेल त्याच इनबॉक्समध्ये येतो. मुलाच्या नावाने आलेले मेल वेगळे ओळखू येतात आणि नवं खातं काढावं लागत नाही. काही वेबसाइट अधिकचं चिन्ह स्वीकारत नाहीत, तिथे आईचा साधा पत्ता द्या.

मूल स्वतः लिहायला लागलं, प्रकल्पाची फाइल पाठवायची वेळ आली, अमेरिकेतल्या मावशीला किंवा गावाकडच्या आजोबांना पत्र लिहावंसं वाटू लागलं, की खातं द्यायला हरकत नाही. साधारण पाचवी-सहावीचा काळ मला यासाठी बरा वाटतो. या वयात मूल अजून विचारून करतं. आठवी-नववीत पहिलं खातं दिलं तर शिकवायला बसवणंच कठीण जातं, आणि तोवर त्याने स्वतःचं एखादं काढलेलंही असतं.

तेरा वर्षांची अट कुठून आली? आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

अट अमेरिकेतून आली. मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाबद्दलचा तिथला कायदा १९९८ मध्ये झाला आणि २००० पासून लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर पालकांची संमती हवी, असं तो सांगतो. बड्या कंपन्या तिथल्याच असल्याने त्यांनी तोच आकडा जवळपास सगळीकडे लावला. भारतातही गुगलचं खातं स्वतःचं स्वतः सांभाळायला किमान वय १३ आहे.

आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात ‘मूल’ म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती. मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची, मुलांचा माग काढायचा नाही, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं हा कायदा म्हणतो. मुलांबाबतची ही बंधनं मोडली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांना मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या खात्यांसाठीही पालकांकडे संमती मागितली जाण्याचे दिवस येत आहेत.

जन्मसाल दोन-तीन वर्षं मागचं टाकलं तर काय बिघडतं? सगळेच टाकतात.

टाकतात खरं. पण बिघडतं बरंच काही, आणि लगेच दिसत नाही.

समजा, दहा वर्षांच्या मुलीचं वय वीस दाखवलं. आता गुगलच्या लेखी ती प्रौढ आहे. तिला प्रौढांच्या जाहिराती दिसणार, अठरा वर्षांवरच्यांसाठीचे व्हिडिओ तिला उघडता येणार, ॲप घेताना कुणी अडवणार नाही. मुलांसाठी म्हणून जी संरक्षणं आहेत ती या एका आकड्यावर टांगलेली असतात. नंतर तुम्ही कितीही सेटिंगं बदलली तरी पाया चुकीचाच राहतो.

दुसरा त्रास उशिरा होतो. खातेदार किमान वयाखालचा आहे असं गुगलला दिसून आलं, तर वयाची अडचण सोडवायला १४ दिवस मिळतात. तेवढ्यात पालकांची देखरेख जोडली नाही किंवा वय सिद्ध केलं नाही, तर खातं बंद होतं. परीक्षेच्या तोंडावर असं झालं तर त्यातल्या नोट्स, फोटो, फॉर्मचे मेल सगळं अडकतं. काही घरांत उलटंही घडतं. घाईत मोठ्या माणसाच्या खात्यात जन्मसाल म्हणून चालू वर्ष निवडलं जातं आणि बाबांचं खातं बाळाचं ठरून कुलूपबंद होतं. मग ओळखपत्र दाखवत बसा.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इंटरनेटवरचा मुलाचा पहिला फॉर्म आपण त्याच्यासमोर बसून भरतो आणि पहिल्याच रकान्यात खोटं लिहितो. पुढे तेच मूल एखाद्या गेममध्ये स्वतःचं वय खोटं सांगेल तेव्हा आपल्याकडे बोलायला तोंड राहत नाही.

पोराने आधीच खोटं वय टाकून खातं काढलंय. आता?

ओरडू नका, खातं घाईने डिलीटही करू नका. आधी त्या खात्यावर काय काय जोडलंय ते त्याच्याकडूनच समजून घ्या. कुठले गेम, कुठली ॲप, शाळेचं काही आहे का? महत्त्वाच्या फाइल आणि फोटोंची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर काढून ठेवा. मग तुमचं स्वतःचं गुगल खातं आणि त्याचा पासवर्ड हाताशी ठेवून मुलाच्या खात्यातली जन्मतारीख खरी करा. वय तेराखाली आलं की गुगल पालकांची देखरेख जोडायला सांगतं. ती त्याच बैठकीत जोडून टाका. तयारीविना तारीख बदलली की खातं अर्ध्यात अडकतं आणि १४ दिवसांचं घड्याळ सुरू होतं.

तेराखालच्या मुलासाठी गुगलचं खातं रीतसर कसं काढायचं?

गुगलची ‘फॅमिली लिंक’ नावाची मोफत सोय यासाठीच आहे. नवं खातं काढताना ते कुणासाठी असं विचारलं जातं, तिथे ‘माझ्या मुलासाठी’ निवडायचं. मुलाचं नाव, खरी जन्मतारीख, पत्ता आणि पासवर्ड भरायचा. मग पालकाने स्वतःच्या खात्यातून संमती द्यायची. मुलाच्या हातात नवाकोरा अँड्रॉइड फोन देणार असाल तर फोन सुरू करतानाही हे करता येतं. त्यानंतर पालकाच्या फोनवर फॅमिली लिंकचं ॲप टाकलं की कुठलं ॲप चालू द्यायचं, रोज किती वेळ, रात्री फोन कधी बंद, हे तिथून ठरतं. मूल दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये ‘गुगलने लॉगिन करा’ असं बटण दाबतं, त्यावरचा ताबाही पालकाकडे ठेवता येतो. ही सेटिंग बहुतेक जण उघडूनही बघत नाहीत.

एक काम मात्र त्याच दिवशी उरका. गुगलच्या कुटुंब गटात सहा जण बसतात. त्यात आई आणि बाबा दोघांनाही पालकाचा अधिकार द्या. एकट्या बाबांकडे ताबा, बाबा बोटीवर नाहीतर परगावी, आणि मुलाचा फोन कुलूपबंद, मग घरात जी फोनाफोनी होते तिचा अनुभव बऱ्याच जणांना असेल.

या खात्याचा जीमेल आपल्यापेक्षा वेगळा असतो का?

हो, थोडा. त्यात जाहिराती दिसत नाहीत. आलेला मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय बंद असते, त्यामुळे ‘मुलाच्या सगळ्या मेलची प्रत मला येऊ दे’ असं सेटिंग लावता येणार नाही. स्वतःचा इनबॉक्स दुसऱ्याला सांभाळायला देण्याची सोयही नाही.

अजून एक फरक आहे, तो चांगलाही आहे आणि अडचणीचाही. गुगलने स्पॅम ठरवलेला मेल मुलाच्या खात्यात पोचतच नाही, अगदी स्पॅमच्या फोल्डरमध्येही नाही. आपण आपल्या खात्यात ‘स्पॅममध्ये गेलंय का बघ’ म्हणतो, तसं इथे शोधता येत नाही. शाळेच्या क्लासचा किंवा स्पर्धेचा मेल आलाच नाही असं वाटलं तर पाठवणाऱ्याला पालकांच्या पत्त्यावर पुन्हा पाठवायला सांगा. महत्त्वाच्या फॉर्मवर दोन पत्ते देता येत असतील तर दोन्ही द्या.

फॅमिली लिंकमधून मला मुलाचे मेल वाचता येतील का?

नाही. फॅमिली लिंक मेल किंवा मेसेज दाखवत नाही, मुलाची स्क्रीनही लांबून दाखवत नाही. ॲपचा वेळ, फोन कुठे आहे, कशाला परवानगी, एवढंच ते बघतं. पासवर्ड तुम्हाला ठाऊक असतो आणि तुम्ही तो बदलूही शकता, त्यामुळे खातं उघडून बघणं शक्य आहे. ते करावं का, हा प्रश्न निराळा. त्याचं उत्तर पुढे आहे.

फक्त घरच्यांचे आणि शाळेचेच मेल यावेत, अशी सोय आहे?

ही मागणी रास्त आहे आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी मी तरी हाच मार्ग धरेन. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक डॉट कॉमवर ते सरळ आहे. जंक मेलच्या सेटिंगमध्ये ‘फक्त माझ्या सुरक्षित यादीतल्या पत्त्यांवर विश्वास ठेवा’ असा पर्याय मिळतो. तो लावला आणि यादीत आई, बाबा, आजी, काका, शाळा भरली, की बाकीचं सगळं जंकमध्ये जातं.

जीमेलमध्ये असं तयार बटण नाही, पण फिल्टरने, म्हणजे आलेला मेल आपोआप वेगळा काढणाऱ्या नियमाने, काम होतं. फिल्टर मोबाइल ॲपमध्ये करता येत नाही, कॉम्प्युटरवर जीमेल उघडावं लागतं. शोधपट्टीच्या उजव्या टोकाला पर्यायांचं चिन्ह आहे, ते दाबा. ‘हे शब्द असलेले’ या रकान्यात रोमन अक्षरांत वजाचं चिन्ह, त्याला चिकटून ‘फ्रॉम’, मग कोलन आणि कंसात विश्वासातले पत्ते लिहा. दोन पत्त्यांच्या मध्ये मोठ्या रोमन अक्षरांत ‘ऑर’ हवं. याचा अर्थ ‘या लोकांखेरीज इतर कुणाकडून आलेले’. मग फिल्टर तयार करताना ‘इनबॉक्स वगळा’ निवडा आणि ‘तपासायचे’ असं लेबल लावा. ‘डिलीट करा’ निवडू नका. नाहीतर ओटीपीचा किंवा नव्या वर्गशिक्षिकेचा मेल कधी आला आणि कधी गेला ते कळणार नाही. ‘तपासायचे’मध्ये साठलेलं आठवड्यातून एकदा मुलासोबत बसून बघा. कुठला मेल कचरा आणि का, हे मूल तिथे जितकं शिकतं तितकं कुठल्याही उपदेशाने शिकत नाही.

पत्ता कसा निवडावा?

पूर्ण नाव, आडनाव आणि जन्मसाल असा पत्ता नको. मुलाचं नाव आणि वय तो वाचणाऱ्या प्रत्येकाला फुकट कळतं. शाळेचं किंवा गावाचं नावही नको. दुसरीकडे ‘किलर’, ‘राजे’, ‘क्यूट प्रिन्सेस’ असलं काही घेतलं तर सहा वर्षांनी तोच पत्ता कॉलेजच्या फॉर्मवर लिहायची वेळ येते. नावाचं आद्याक्षर, आडनाव आणि मध्ये एखादा साधा शब्द किंवा अर्थ नसलेला आकडा पुरतो.

जीमेलमध्ये टिंबांनी फरक पडत नाही. नावात टिंब असो वा नसो, पत्ता एकच धरतात. आणि एकदा डिलीट केलेला जीमेल पत्ता पुन्हा कुणालाच मिळत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून हा एक निर्णय सावकाश घ्या. प्रोफाइलला मुलाचा फोटो न लावता त्यानेच काढलेलं एखादं चित्र लावा.

पत्ता मराठीत, देवनागरीत घेता येतो का?

जीमेलवर नाही. देवनागरीसारख्या लिपीतल्या पत्त्यांना मेल पाठवणं आणि त्यांच्याकडून घेणं जीमेलला २०१४ पासून जमतं, पण तसा पत्ता तिथे काढता येत नाही. मजकूर मात्र खुशाल मराठीत लिहू द्या. आजीला इंग्रजी मेल पाठवण्यात काय मजा?

पासवर्ड कसा ठेवावा? दर महिन्याला बदलायचा का?

लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत, उदाहरणार्थ कढई, पतंग, सोमवार आणि गेंडा. हेच चार घेऊ नका, मुलाला स्वतःचे निवडू द्या. त्याला ते लक्षात राहतात आणि दुसऱ्याला सहज सुचत नाहीत. नावापुढे अॅट आणि एक-दोन-तीन, हा पासवर्ड म्हणजे दाराला कडी न लावताच निजणं. दर महिन्याला बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेचाही सल्ला हाच आहे, की पासवर्ड फुटल्याची शंका असेल तेव्हा बदला. सारखा बदलायला लावला की माणूस शेवटचा आकडा तेवढा वाढवत जातो.

ज्या पासवर्डने ईमेल उघडतो तो गेमला, क्लासच्या ॲपला किंवा आणखी कशाला देऊ नये. वर्गातल्या जिवलग मैत्रिणीलाही सांगू नये. मुलांमध्ये पासवर्ड सांगणं ही मैत्रीची खूण मानली जाते, हे लक्षात ठेवून या विषयावर आधीच बोला.

रिकव्हरीला नंबर कुणाचा द्यावा?

आईचा किंवा बाबांचा. जो नंबर घरात कायम राहणार आहे तो. हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर पहिला विचारायला हवा. पासवर्ड विसरला, खातं दुसऱ्याच्या हाती गेलं, फोन हरवला, तर ओटीपी ज्या नंबरवर जातो त्याच्याच ताब्यात खातं असतं.

आपल्याकडे यात एक नेहमीचा घोटाळा होतो. प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला मुलं नेट कॅफेत जातात. तिथला दादा भला माणूस असतो, गर्दी असते, तो पटकन ईमेल काढून देतो. नंबर स्वतःचा टाकतो, पासवर्ड सगळ्यांना एकच ठेवतो आणि पावतीच्या मागे लिहून देतो. पावती हरवते. एमएचटी-सीईटी, नीट किंवा जेईईच्या फॉर्मला ईमेल आणि मोबाइल दोन्ही लागतात, पडताळणी आणि पुढच्या सूचना तिथेच येतात. ऐनवेळी ओटीपी येतो तो कॅफेवाल्याच्या फोनवर, आणि रविवारी कॅफे बंद. त्या दादाचा हेतू वाईट असतो असं नाही. पण अनोळखी माणसाकडे मुलाच्या खात्याची किल्ली राहणं केव्हाही वाईटच.

म्हणून फॉर्म कॅफेत भरला तरी ईमेल घरून काढून न्या. काढून झालं असेल तर आजच लॉगिन करून रिकव्हरीचा नंबर आणि पर्यायी ईमेल बघा, दुसऱ्याचा असेल तर बदला, मग पासवर्ड बदला आणि बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. कॅफेतल्या कॉम्प्युटरवर लॉगिन करावंच लागलं तर ब्राउझरच्या खासगी खिडकीत करा आणि ‘पासवर्ड जतन करू का’ याला नाही म्हणा.

आणि तुमच्या स्वतःच्या खात्याचं काय? मुलाच्या खात्यावर पालकाच्या खात्यातूनच ताबा असतो, तेव्हा दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, आधी तिथे लावा. फोन हाताशी नसेल तेव्हा लॉगिन करायला गुगल दहा बॅकअप कोड देतं, ते कागदावर छापून रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवा.

शाळेने खातं दिलंय. वेगळं हवं का?

शाळेचं खातं शाळेचं असतं. त्यात काय चालू, काय बंद, हे शाळेचा ॲडमिन ठरवतो आणि मूल शाळा सोडतं तेव्हा ते बंद होतं. गृहपाठ आणि वर्ग त्यावर होऊ द्या. त्यावरून गेममध्ये लॉगिन करणं, घरचे फोटो ठेवणं, स्पर्धांची नोंदणी करणं टाळा. दहावीनंतर शाळा बदलली की त्या नोंदणीचा मेल वाचायला कुणी उरत नाही. शाळेला एक प्रश्न जरूर विचारा. बाहेरच्या पत्त्यांवरून मुलांना मेल येऊ शकतात का? बऱ्याच शाळा ते बंद ठेवू शकतात, फक्त कुणीतरी विचारायला हवं.

मुलाचे मेल मी वाचावेत का?

लहान असताना सोबत बसून वाचा, आणि हे खातं उघडण्याआधीच सांगून टाका. ‘पासवर्ड आईलाही माहीत असेल, रविवारी आपण दोघं मिळून बघू’ एवढं पुरतं. मोठं होत जाईल तसं ते कमी करा. चौदा वर्षांच्या मुलीने मैत्रिणीला लिहिलेला मेल तिला न सांगता वाचणं मला पटत नाही. त्यात सापडतं ते बहुधा किरकोळ असतं आणि उघडकीला आलं की मुलगी दुसरं खातं काढते, ज्याचा पत्ता तुम्हाला कधीच कळत नाही. जिवाला किंवा अब्रूला धोका आहे अशी ठोस शंका असेल तर गोष्ट वेगळी. तिथे संकोच करू नका. पण वाचल्यावर वाचलं असं सांगा.

फसवे मेल मुलाला कसे ओळखायला शिकवायचे?

मोठ्यांना बँकेच्या आणि वीजबिलाच्या नावाने फसवतात. मुलांसाठीची आमिषं वेगळी असतात. फ्री फायरचे डायमंड फुकट, रोब्लॉक्सचे रोबक्स फुकट, लॅपटॉपची शिष्यवृत्ती, ‘तुझं खातं चोवीस तासांत बंद होईल’, ‘हा तुझाच फोटो आहे ना?’ यातल्या प्रत्येकात एक तर लालूच असते, नाहीतर भीती, आणि सोबत घाई. ज्या मेलमध्ये घाई आहे तो मेल आईबाबांना दाखवल्याशिवाय उघडून पुढे जायचं नाही, हा एकच नियम दहा वर्षांच्या मुलालाही पाळता येतो.

मग सवडीने बाकीचं. पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून खरा पत्ता बघायचा, कारण नाव कुणीही काहीही लिहू शकतं. मेलमधल्या दुव्यावरून लॉगिन करायचं नाही, ॲप किंवा वेबसाइट आपण स्वतः उघडायची. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, ‘गुगलमधून बोलतोय’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारायला सांगता येतं, ते लावून ठेवा. जाहिरातवाल्यांना मेल उघडल्याचं कळतं ते बऱ्याचदा अशा चित्रांमुळेच.

याच बैठकीत ‘सर्वांना उत्तर’ आणि ‘उत्तर’ यातला फरकही दाखवा. वर्गातल्या चाळीस पालकांना गेलेला एक खाजगी मेल कुठल्याही व्हायरसइतका त्रास देतो. जीमेलमध्ये पाठवलेला मेल जास्तीत जास्त ३० सेकंदांपर्यंत परत घेता येतो, सेटिंगमधून मुदत तेवढी करून घ्या.

कुणी अनोळखी माणूस मुलाला लिहितोय, फोटो मागतोय किंवा धमकावतोय. काय करू?

पहिलं वाक्य मुलाला सांगायचं ते असं, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझा फोन काढून घेणार नाही.’ फोन जाईल या भीतीनेच बहुतेक मुलं गप्प बसतात आणि धमकावणारा नेमका त्याच भीतीवर जगतो.

उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका. पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. मेल डिलीट करू नका. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर करता येते. मुलांच्या लैंगिक शोषणाची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. मुलासाठी तातडीची मदत हवी असेल तर १०९८, जिवाला धोका असेल तर ११२. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. ‘आमच्याकडे सायबर नाही’ म्हणून परत पाठवलं तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

आता अगदी महत्त्वाचं. मुलाचा नग्न किंवा अर्धनग्न फोटो यात असेल तर ‘पुरावा’ म्हणून तो काकांना, शेजारच्या वकिलांना, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात पाठवू नका. मुलांचं असं चित्र जवळ बाळगणं वा पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, आणि मदत करायला निघालेला माणूसही त्यात अडकू शकतो. ज्या फोनवर ते आलंय तो फोन तसाच पोलिसांकडे न्या. असं चित्र समाजमाध्यमांवर पसरू नये म्हणून अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सोय आहे. त्यात चित्र कुणाकडे पाठवावं लागत नाही. त्याचा आकडी ठसा तुमच्याच उपकरणावर तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो.

खातं हॅक झाल्यासारखं वाटतंय.

पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, रिकव्हरीचा नंबर तपासा. मग जे लोक विसरतात ते बघा, म्हणजे फिल्टर. चोर जाता जाता एखादा फिल्टर पेरून ठेवतो, त्यामुळे ठरावीक मेल गुपचूप कचऱ्यात जातात. देखरेखीखाली नसलेल्या खात्यात फॉरवर्डिंगही बघा, तिथे मेलची प्रत त्याच्याकडे जात राहू शकते. कॉम्प्युटरवर जीमेलच्या तळाशी उजवीकडे ‘तपशील’ आहे, तिथे खातं शेवटचं कुठून उघडलं ते दिसतं.

आमच्याकडे आयफोन आहे.

ॲपलमध्येही तेराखालच्या मुलाचं खातं पालकालाच ‘फॅमिली शेअरिंग’मधून काढावं लागतं. ‘स्क्रीन टाइम’ या आयफोनमधल्या वापरावर मर्यादा घालण्याच्या सोयीत मूल कुणाशी संपर्क करू शकतं यावर मर्यादा घालता येते, पण ती फोन, फेसटाइम आणि मेसेजवर लागते, ईमेलवर नाही. ती लावली म्हणजे मेलही सुरक्षित झाले असं समजू नका.

आम्ही परदेशात राहतो. नियम वेगळे आहेत का?

किमान वय देशागणिक बदलतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये १३, जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये १६. सुट्टीत भारतात आल्यावर आत्याच्या फोनवर मुलाचं खातं काढण्याची युक्ती करू नका. नियमांचा प्रश्न राहू द्या बाजूला, रिकव्हरीचा नंबर आत्याचा राहतो आणि ओटीपीसाठी पुढची पाच वर्षं मध्यरात्री पुण्याला फोन लावावे लागतात.

बारशालाच बाळाच्या नावाने पत्ता राखून ठेवावा का?

हौस असेल तर ठेवा. बाळाला पत्रं लिहून ठेवणारे आईबाबा आहेत आणि कल्पना गोड आहे. पण दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल आतल्या सगळ्या मजकुरासकट डिलीट करू शकतं, आणि तो पत्ता मग कायमचा गेला. बाळाच्या खात्यात नुसते मेल येत राहिले तर तो वापर धरला जात नाही, मधून मधून लॉगिन करायला हवं. शिवाय तिथेही जन्मतारीख खरीच टाकायची, म्हणजे फॅमिली लिंक आलंच. आईच्या खात्यात एक लेबल करून त्यात पत्रं साठवणं जास्त सोपं.

तेरा पूर्ण झाल्यावर काय होतं?

वाढदिवसाच्या आधी गुगल पालकांना आणि मुलाला मेल पाठवून कळवतं. खातं, पत्ता, जुने मेल, फोटो सगळं तसंच राहतं, देखरेख चालू ठेवायची की नाही एवढाच प्रश्न उभा राहतो. मला विचाराल तर नियम एकदम सोडू नका. ॲपची परवानगी आणि रात्रीची वेळ आणखी काही काळ राहू द्या, मेल बघणं मात्र थांबवा. दहावीच्या सुट्टीत मुलाचा स्वतःचा नंबर आला की रिकव्हरीला तो टाका आणि आईचा पर्यायी ईमेल तिथेच राहू द्या. दोन टप्प्यांची पडताळणी त्याला स्वतःच्या हाताने लावू द्या. अकरावीच्या प्रवेशाचे फॉर्म सुरू होण्याआधी हे आटपलेलं बरं, कारण मधेच नंबर बदलला की कुठला ओटीपी कुठल्या फोनवर येतोय याचा गोंधळ होतो.